गॉर्डीचा खडा आणि डेल्फीनची खुर्ची

विमा कंपनीकडून नकाराचं पत्र आलं की डेल्फीन ओमर्निक म्हणायची, "म्हणजे त्यांनी अजून वाचलेलं नाही, एवढंच." मग उजव्या अंगठ्यावर रबराची टोपी चढवून ती कागद चाळायला बसे आणि तोच क्लेम दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाठवे. स्टीव्हन्स पॉइंटमध्ये डॉ. अँब्रोज लिटर्स्कींच्या दातांच्या दवाखान्यात तिने एकतीस वर्षं हेच काम केलं. डॉक्टर दात बघत, डेल्फीन त्या कामाचे पैसे विमा कंपन्यांकडून आणे. मी दाराजवळच्या टेबलावर फोन घेई आणि पेशंटांना वेळ देई. आमच्या दोघींच्या खुर्च्यांमध्ये हात लांबवला तर पोचेल एवढंच अंतर होतं. पुढच्या सगळ्या तारखा माझ्या डायऱ्यांमधल्या आहेत.

तिचा जन्म पोलोनियाजवळच्या बटाट्याच्या शेतावरचा. आठ भावंडांतली ती सहावी. आम्हां दोघींनाही चर्चच्या सिस्टरांनीच शिकवलं, पण वेगवेगळ्या शाळांत. माझ्या वाट्याला वळणदार अक्षर आलं, तिच्या वाट्याला पाठांतर. धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीची अख्खी वही तिला आजी-आजोबांच्या पोलिश भाषेत म्हणता यायची आणि अर्थ विचारला तर ती सरळ सांगायची, "अर्थ सिस्टरांना माहीत होता, मला फक्त शब्द." एकविसाव्या वर्षी तिने कागदाच्या गिरणीत काम करणाऱ्या रे ओमर्निकशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, मिलवॉकीला गेल्या. रेची गिरणी बंद पडल्यापासून तो घरी होता. परसात मुळ्यासारखं तिखट हॉर्सरॅडिश लावायचा, ते किसून बाटल्या भरायचा आणि बरोब्बर साडेपाचला जेवायला बसायचा. घर चालायचं ते मुख्यतः डेल्फीनच्या पगारावर.

तिच्या कामाची एक गोष्ट आधी सांगायला हवी. दातांच्या प्रत्येक कामाला एक आकडा असतो. दाढ काढली की एक, कॅप बसवली की दुसरा. विमा कंपनीला शब्दांशी देणंघेणं नसतं, ती आकडा बघते आणि त्याप्रमाणे पैसे देते. हे आकडे एका पुस्तकात असतात आणि दर जानेवारीत पुस्तक बदलतं. डेल्फीन रोजचे आकडे न चुकता त्यात पडताळून घेई. जे पाच-दहा वर्षांतून एखाद्या वेळी लागत, ते मात्र तिला पाठ होते, आणि ते पाठ आहेत याचा तिला मोठा अभिमान होता. दुपारी कॉफीच्या वेळी डॉ. लिटर्स्की तिची परीक्षा घ्यायचे.

"डेल, जिभेखालचा खडा?"

"सात नऊ आठ शून्य."

"बघा! पुस्तक विकून टाकू आपण."

लाळेच्या ग्रंथीत खडा होतो, मूत्रपिंडात होतो तसाच. एकतीस वर्षांत आमच्याकडे असे तीनच पेशंट आले होते. तिघांचंही जिभेखाली कापून, टाके घालून काम झालं होतं, आणि तिन्ही वेळा डेल्फीनने पुस्तक न उघडता आकडा टाकला होता.

दवाखान्याची आणखी एक जुनी रीत होती. काम संपलं की डॉक्टर एका पिवळ्या चिठ्ठीवर दोन-तीन शब्द लिहून बाहेर पाठवत. पेशंटच्या चार्टमध्ये सविस्तर नोंद ते संध्याकाळी करत. डेल्फीन तोवर थांबत नसे. चिठ्ठी हातात पडली की क्लेम रवाना.

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. लिटर्स्कींनी दवाखाना विकला आणि मासे पकडायला कायमचे तळ्याकाठी निघून गेले. त्यांच्या जागी मिनेसोटाहून डॉ. ब्रिटा लिंडहोम आल्या. वय चौतीस, बोलणं कमी, हात हलका. पिवळ्या चिठ्ठ्यांची रीत त्यांनी जशीच्या तशी चालू ठेवली, कारण आम्हीच त्यांना सांगितलं होतं की इथे असंच चालतं.

जानेवारीत एका सकाळी त्यांनी डेल्फीनला बोलावून घेतलं. मला ऐकू येत होतं.

"ॲरिझोनातली एक कंपनी आहे. बिलांचं सगळं काम ते तिथून करतात. खर्च निम्मा होईल. मी अजून काही ठरवलेलं नाही, पण तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही म्हणून सांगतेय. सप्टेंबर उजाडायच्या आत ठरवते."

"बरं," डेल्फीन म्हणाली.

"ते म्हणतात, त्यांच्याकडे चुका होत नाहीत."

"मग तिथे माणसं नसतील, डॉक्टर."

बाहेर येऊन ती आपल्या खुर्चीत बसली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बासष्टाव्या वर्षी मला कोण घेणार गं? किराणा दुकानात पिशव्या भरायला पण पाठ सरळ लागते." त्या दिवसापासून ती सकाळी पंधरा मिनिटं लवकर यायला लागली. सप्टेंबरपर्यंत एकही चूक होऊ द्यायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

गॉर्डी झिंडा हा आमच्या चर्चचा माणूस. शाळेची बस चालवायचा आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी, मांस वर्ज्य म्हणून, चर्चच्या तळघरात सगळ्यांसाठी मासे तळायचा. २३ फेब्रुवारीला, उपवासकाळाच्या दुसऱ्या शुक्रवारी, मी आणि डेल्फीन एकाच टेबलावर होतो. तळण संपवून गॉर्डी आपली ताटली घेऊन आमच्यासमोर बसला. माशावर लिंबू पिळलं, एक घास घेतला, आणि बघता बघता त्याच्या उजव्या जबड्याखाली अंड्याएवढी सूज आली.

"गॉर्डी, सगळ्यांचे मासे एका गालात लपवलेस की काय?" मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

"हसा लेको," गॉर्डी जबडा धरून म्हणाला. "दोन आठवडे झाले. खायला बसलो की फुगतं, उठलो की उतरतं. बायको म्हणते, देव तुला जेवू नको म्हणतोय."

डेल्फीनने काटा खाली ठेवला. "आंबट खाल्लं की जास्त?"

"लोणचं तर नुसतं बघितलं तरी फुगतं."

"सोमवारी आठ वाजता ये. आणि बायकोला सांग, देवाचा यात काही हात नाही. लाळेचा खडा आहे."

"तू डॉक्टर कधी झालीस, डेल?"

"मी बिलं करते. म्हणजे डॉक्टरांपेक्षा जास्त वाचते."

सोमवारी एक्स-रे काढला. तांदळाच्या दाण्याएवढा खडा जिभेखालच्या नळीच्या अगदी तोंडाशी येऊन अडकला होता. डॉ. लिंडहोमनी गॉर्डीला लिंबाची गोळी चघळायला दिली, जबड्याखाली गरम पाण्याचा फडका धरला, आणि दोन बोटांनी मागून पुढे, मागून पुढे, हळूहळू चोळत राहिल्या. नळीचं तोंड बोथट सळईने जरासं रुंद केलं. वीस मिनिटांनी खडा स्टीलच्या तबकात टिक करून पडला. सुरी नाही, टाका नाही.

गॉर्डी बाहेर आला तो खडा कागदाच्या पुडीत घेऊनच. "एवढंच होतं? याच्याहून मोठे दगड माझ्या बुटातून निघतात, डॉक्टरीणबाई!"

आतून पिवळी चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिलं होतं: "लाळेचा खडा काढला, उजवा."

डेल्फीनचे डोळे चमकले. किती वर्षांनी खडा आला होता! पुस्तक टेबलाच्या कोपऱ्यावरच पडलेलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सात नऊ आठ शून्य.

खड्याच्या बाबतीत आमच्याकडे एक कसरत करावी लागते. आधी क्लेम पाठवायचा आजारपणाच्या विम्याकडे. ते म्हणतात, तोंडातलं आहे, दातवाल्यांकडे जा. मग त्यांचा नकार जोडून दातांच्या विम्याकडे जायचं. ते म्हणतात, ग्रंथीचं आहे, आजारपणवाल्यांकडे जा. डेल्फीनने मार्च महिना या दोघांची भेट घालून देण्यात घालवला. फोनवर वाट बघायला लावणारं संगीत ती मोठ्याने लावून ठेवी आणि तेवढ्यात वर्तमानपत्रातली सवलतीची कुपनं कापून घेई. एप्रिलच्या दहा तारखेला दातांच्या विम्याचे पैसे आले. सहाशे चोवीस डॉलर. उरलेले एकशे छप्पन्न गॉर्डीने भरले. डेल्फीनने खसखशीचा केक आणला होता, तो आम्ही तिघींनी खाल्ला. डॉ. लिंडहोम म्हणाल्या, "ॲरिझोनावाल्यांना हे जमलं असतं का कोण जाणे." डेल्फीनचे कान लाल झाले.

मग १२ जून. त्या दिवशी मंगळवार होता. गॉर्डी पुन्हा आला. मक्याच्या लाह्या खाताना न फुटलेला दाणा दाताखाली आला आणि खालच्या दाढेचा अर्धा भाग उडाला. डॉ. लिंडहोमनी बघितलं. मूळ चांगलं होतं, कॅप बसवली की वीस वर्षं बघायला नको. खर्च अकराशे. त्याच्या विम्यात कॅपचे निम्मे पैसे मिळतात, पण वर्षाला एकूण हजार डॉलरपर्यंतच. डेल्फीनने हिशेब करून कागद त्याच्यासमोर सरकवला. खडा आणि वर्षाची तपासणी-सफाई धरून त्याच्या हजारातले फक्त एकशे शहाऐंशी उरले होते.

गॉर्डीने कागद दोनदा वाचला. "जूनमध्येच संपले?"

"फेब्रुवारीचा खडा..." डेल्फीन म्हणाली.

"शाळेला सुट्टी आहे, डेल. बस नाही म्हणजे पगार नाही. ओढून टाका दाढ."

"चांगली दाढ आहे हो," डॉ. लिंडहोम दारातून म्हणाल्या.

"चांगलीच आहे, डॉक्टरीणबाई. पण चांगलं ठेवायला पैसे लागतात. ओढायचे किती?"

त्याला गुरुवारी सकाळी नऊची वेळ मी दिली. तो गेला. डेल्फीन कागदाकडे बघत बसली.

"एका खड्याने एवढे कसे खाल्ले?" ती स्वतःशीच म्हणाली. "कापाकापी नाही, काही नाही, वीस मिनिटांचं काम..."

आणि ती थांबली. उठून तिने गॉर्डीचा चार्ट काढला. डॉक्टरांनी त्या संध्याकाळी लिहिलेली नोंद होती: "खडा बोटांनी दाबून काढला. काप नाही. टाके नाहीत." मग तिने टेबलाच्या कोपऱ्यावरचं पुस्तक उघडलं. २०१८चं. बरोब्बर पान काढलं आणि त्यावर बोट ठेवून तशीच उभी राहिली.

"इकडे ये," ती मला म्हणाली. "मोठ्याने वाच."

मी वाचलं. जुन्या पुस्तकात खडा काढण्यासाठी एकच ओळ होती. या वर्षापासून दोन झाल्या होत्या. सात नऊ आठ शून्य म्हणजे शस्त्रक्रिया करून काढला. आणि तिच्या वर, नवी ओळ, सात नऊ सात नऊ: शस्त्रक्रिया न करता काढला.

न झालेल्या ऑपरेशनचे पैसे आम्ही कंपनीकडून घेतले होते. आणि त्यामुळे गॉर्डीची परवा दाढ जाणार होती.

"कुणाला कळणार आहे?" मी म्हणाले. ते वाक्य माझं आहे. त्या दिवसाच्या पानावर आहे, म्हणून इथे गाळत नाही.

"गॉर्डीच्या दाढेला कळलंय."

"सप्टेंबरपर्यंत थांब ना. एकदा तुझी खुर्ची पक्की होऊ दे. मग सांग डॉक्टरांना."

"आणि गुरुवारी नऊ वाजता?"

जानेवारीपासून ही बाई ज्या एका गोष्टीला घाबरत होती, ती तिनेच फेब्रुवारीत करून ठेवली होती, आणि आता स्वतःच्या तोंडाने जाऊन सांगायची होती. चिठ्ठीवर 'काढला' एवढंच होतं, कसा काढला हे नव्हतं, असं मी तिला म्हटलं. निम्मी चूक डॉक्टरांची होतेच की.

"चिठ्ठी लहान होती," डेल्फीन म्हणाली. "पुस्तक जाडं होतं. आणि ते माझ्या कोपराला टेकलेलं होतं."

बुधवारी दवाखाना बंद असतो. आम्ही दोघी किल्ली घेऊन आत गेलो. जानेवारीपासूनचे चारशे अठरा क्लेम. मी चार्ट उघडून डॉक्टरांची नोंद वाचायची, डेल्फीन पुस्तकात आकडा बघायची आणि पेन्सिलीने खूण करायची. पाठ असलेला एकही आकडा तिने पाठ म्हणून सोडला नाही. दुपारी रे आमच्यासाठी सॉसेजचे पाव आणि हॉर्सरॅडिशची बाटली घेऊन आला, दारातच उभा राहिला, बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "संध्याकाळचं जेवण मी बघतो." चाळीस वर्षांत पहिल्यांदा. चारशे सतरा बरोबर निघाले.

गुरुवारी साडेसातला डॉ. लिंडहोम आल्या. डेल्फीन दारातच उभी होती, हातात चार्ट, पुस्तक आणि यादी. मला म्हणाली, "तू पण ये. तू वाचून दाखवलंस, साक्षीदार आहेस."

आत तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. सुरुवातीला नाही, शेवटी नाही, कुठेही 'पण' नव्हतं. डॉ. लिंडहोमचा चेहरा पांढरा पडत गेला.

"कंपनीला हे आपल्याआधी सापडलं असतं, तर त्याला काय म्हणतात माहितीये तुम्हाला?"

"फसवणूक."

"त्या क्लेमवर नाव माझं आहे, डेल्फीन. माझं! मला इथे येऊन आठ महिने झालेत."

"म्हणूनच आज सांगतेय."

"आणखी किती आहेत असे?"

डेल्फीनने यादी पुढे केली. "एकही नाही. काल सगळे बघितले. पेन्सिलीची खूण म्हणजे चार्टही बघितला आणि पुस्तकही."

डॉक्टरांनी यादी घेतली. पानं उलटत गेल्या. चारशे अठरा खुणा. मग त्यांनी विचारलं, "गॉर्डीचं काय होईल?"

"नवा आकडा टाकून दुरुस्ती पाठवायची. मिळालेले पैसे परत करायचे. बरोबर आकड्याचे साधारण एकशे साठ मिळतील. म्हणजे त्याच्या हजारातले साडेसहाशे मोकळे होतात, आणि कॅपचे निम्मे मिळतात. शिवाय त्याने आपल्याला जास्तीचे एकशे सोळा दिलेत. ते त्याचे त्याला."

"किती दिवस?"

"कंपनीला समजायला लागतील तेवढे."

"तोवर दाढ टिकायला हवी," डॉक्टर म्हणाल्या आणि हातमोजे चढवायला लागल्या. खुर्चीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. ना हो, ना नाही.

नऊ वाजता गॉर्डी आला, दाढ काढायच्या तयारीने, न्याहारी न करता. डेल्फीन टेबलाच्या बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"गॉर्डी, दाढ राहू दे. तुझे पैसे माझ्या चुकीमुळे गेले. मी तुझ्या खड्याला ऑपरेशन लिहिलं."

"ऑपरेशन? माझं?"

"कागदावर."

गॉर्डीने थोडा विचार केला. "म्हणजे फेब्रुवारीत माझं ऑपरेशन झालं, आणि मी दुसऱ्याच दिवशी बस चालवली, बर्फ उपसला, सासूबाईंचं कपाट वरच्या मजल्यावर चढवलं? डेल, हे तू तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी महिनाभर झोपून राहिलो असतो!"

डेल्फीन हसली नाही. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, मी मागच्या वर्षी एका पोराला चुकीच्या शाळेत सोडून आलो होतो. पहिल्या तासाची घंटा झाल्यावर परत आणायला गेलो. पोरगं म्हणालं, इथलं जेवण बरं आहे."

डॉक्टरांनी त्याच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून दिलं आणि त्या बाजूने चावायचं नाही अशी ताकीद दिली.

मग सुरू झालं कंपनीचं प्रकरण. पैसे देत नाही म्हणणाऱ्या कंपनीशी कसं बोलायचं हे डेल्फीनला नीट माहीत होतं. पैसे परत घ्यायला तयार नसलेली कंपनी तिने पहिल्यांदाच पाहिली. एक संभाषण मी जसंच्या तसं उतरवून ठेवलंय.

"बाई, तुमचा क्लेम मंजूर झालेला आहे."

"माहितीये. तो चुकीचा आहे. मला पैसे परत करायचेत."

"म्हणजे आम्ही कमी दिले का?"

"नाही, जास्त दिलेत."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. पैसे तुमचे आहेत."

"थांबा हं. यासाठी आमच्याकडे काय करतात ते विचारून येते."

आणि पुन्हा ते संगीत. डेल्फीनने कुपनं कापली नाहीत. हात टेबलावर ठेवून ती नुसती ऐकत बसली.

जुलै संपला. त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी ती बोलले नाही. डेल्फीन रोज संध्याकाळी पिशवीतून काहीतरी घरी नेत होती. आधी पाठीमागची उशी, मग नातवंडांचा फोटो, मग खणातले चपलांचे जोड. तिने आपल्या मनाने निकाल लावून टाकला होता. काम मात्र तिने तसूभर कमी केलं नाही. आता प्रत्येक चिठ्ठी आली की ती उठून आत जायची आणि डॉक्टरांना विचारायची, "कसं केलंत ते सांगा." पहिल्या आठवड्यात डॉक्टर वैतागल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या विचारण्याआधीच सांगायला लागल्या.

२२ ऑगस्टला ॲरिझोनाच्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. मी जोडून दिला. बुधवार असल्याने पेशंट नव्हते. औषधांच्या मालाची नोंद करायची म्हणून मी आणि डॉक्टर दोघीच आलो होतो, आणि त्यांचं दार उघडं होतं.

"हो, खर्चाचे आकडे बघितले," डॉक्टर म्हणत होत्या. "मला एक सांगा. तुमच्याकडून एखाद्या क्लेममध्ये चूक झाली, आणि पैसे आले, आणि कुणी हरकत घेतली नाही, तर मला ते कोण सांगेल?"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं.

"नाही, तुमच्या चुकांचं प्रमाण किती कमी आहे ते नाही विचारलं मी. कोण सांगेल, असं विचारलं. नाव."

पुन्हा बोलणं. मग डॉक्टर म्हणाल्या, "बरं. धन्यवाद," आणि फोन ठेवला. त्यांनी बाटल्या मोजायला घेतल्या.

हे डेल्फीनला सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. न ठरलेली गोष्ट सांगून आशा लावायची आणि मग ती खोटी ठरली तर? मी गप्प राहिले. सांगायला हवं होतं असं आज वाटतं, कारण त्या आठवड्यात तिने भिंतीवरचं कॅलेंडरही नेलं.

३१ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळच्या टपालात कंपनीचं पाकीट आलं. डेल्फीनने ते उभ्याने फोडलं आणि मोठ्याने वाचलं. दुरुस्ती मान्य. जुना क्लेम रद्द. सात नऊ सात नऊ मंजूर, एकशे साठ. गॉर्डीच्या खात्यात या वर्षाचे साडेसहाशे शिल्लक.

"अकरा आठवडे," ती म्हणाली आणि फोन उचलला. "गॉर्डी? मंगळवारी दहा वाजता ये. कॅप. हो, निम्मे ते देतायत. उरलेले तू दर महिन्याला थोडे थोडे दे. नाही, केक नको आणूस, त्याने कॅप निघेल."

तिने फोन ठेवला तेव्हा डॉ. लिंडहोम समोर उभ्या होत्या. हातात एक मागणीपत्र आणि पेन.

"पुढच्या वर्षीचं आकड्यांचं पुस्तक मागवायचंय. आज पाठवलं तर स्वस्त पडतं. किती लिहू?"

"तुम्हाला एक लागेलच, डॉक्टर. ॲरिझोनावाल्यांकडे त्यांचं असेल."

"ॲरिझोनावाल्यांना मी नको म्हणून कळवलं. काल." डॉक्टर पेनाचं टोपण काढत होत्या, वर बघत नव्हत्या. "माझी चूक मला सांगायला सकाळी साडेसातला दारात उभं राहील असं त्यांच्याकडे कुणी नाही. मी विचारून बघितलं. मग किती? एक की दोन? मी पुस्तकात खुणा करते. दुसऱ्याबरोबर एकच पुस्तक वापरायला मला जमत नाही."

डेल्फीनने अंगठ्यावरची रबराची टोपी काढली, पुन्हा घातली. "मी पण खुणा करते," ती म्हणाली.

"मग दोन." डॉक्टरांनी लिहिलं. "आणि एक अट आहे. पिवळ्या चिठ्ठ्या आजपासून बंद. क्लेम चार्टवरूनच करायचा."

"चार्ट तुम्ही संध्याकाळी सहाला लिहिता."

"हो."

"ते चालणार नाही, डॉक्टर. माझा नवरा साडेपाचला जेवायला बसतो आणि मी नसले की तो स्वयंपाकघरात शिरतो. जूनमध्ये एकदा शिरला होता, त्या कढईचा तळ अजून निघाला नाहीये. पेशंट खुर्चीतून उठायच्या आत लिहायचं. तिथल्या तिथे. कसं केलंत, कशाने केलंत, सगळं."

मी फोनच्या वहीत तोंड घातलं. डॉ. लिंडहोम हसल्या. आठ-दहा महिन्यांत त्यांना इतकं मोठ्याने हसताना मी ऐकलं नव्हतं.

"तिथल्या तिथे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या, कारण साडेनऊची पेशंट तोंड उघडून त्यांची वाट बघत होती.